चौकीवरचे आवाज

लष्करी इस्पितळात त्या जवानाला सगळे वायरलेसवाला म्हणत. डोंगरावरची चौकी शत्रूने घेरली तेव्हा तो खाली तळावर सेटपाशी बसला होता. वरचे साथीदार मदत मागत राहिले. ती काही पोचली नाही, आणि मग आवाजच बंद पडले. तेव्हापासून तो खाटेवर मान तिरकी करून, कानाशी हात धरून बसे. अन्नावर वासना नाही, डोळ्याला डोळा नाही. मधूनच पुटपुटे, "ऐकतोय, बोला."

मनोविकारांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली, त्याच्याशी बोलून बोलून घसा कोरडा केला. फरक शून्य. अखेर एका दुपारी ते त्याच्याकडे पाठ करून बसले आणि आवाज घोगरा करून म्हणाले, "चौकीवरून बोलतोय. आम्ही सगळे सुखरूप निघालो, गड्या. सेट बंद कर आता."

जवानाचा हात हळूच खाली आला. तो ओक्साबोक्शी रडला आणि तिथेच झोपी गेला. हळूहळू माणसांत आला, वडील येऊन त्याला घरी घेऊन गेले. डॉक्टरांची वाहवा झाली.

पुढे एका सकाळी दाढी करताना डॉक्टरांच्या कानात खरखर सुरू झाली. पाणी गेलं असेल म्हणून त्यांनी डोकं झटकलं. खरखरीतून कुणीतरी अगदी शांतपणे विचारलं, "आम्ही निघालो असं कुणी सांगितलं? आम्ही इथेच आहोत."

त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पण जेवताना बायको म्हणाली, "अहो, मघापासून कुणाला 'बोला, बोला' करताय?" तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

ते तडक वायरलेसवाल्याच्या घरी गेले. तो दारात सायकलचं पंक्चर काढत होता.

"मी तुला खोटं सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "कुणीच सुटलं नव्हतं."

"ठाऊक होतं, साहेब. आमच्या माणसांचे आवाज मी ओळखणार नाही होय? पण तुम्ही मध्ये बोललात आणि ते तुमच्याकडे वळले. मला फार झोप आली होती हो."

डॉक्टर पायरीवर बसले. "आता मी काय करू?"

जवान हात पुसत शेजारी टेकला. "खोकतो ना, तो आमचा स्वयंपाकी. हळू बोलतात ते मोठे साहेब. आणि शिव्या देतो तो सगळ्यांत धाकटा. घाबरला की देतो, मनावर घेऊ नका."

खरखर पुढे कधीच थांबली नाही. पण धाकट्याने शिव्या द्यायला सुरुवात केली, की डॉक्टर हातातलं काम बाजूला सारून त्याला बराच वेळ समजावत बसत.