ढाण्याला डाग

माझ्याम्होरं कुणी "भल्यासाठीच केलं" म्हणू नका. डोकं फिरतंय माझं.

ढाण्या आमचं कुत्रं. कुत्रं कसलं, वासराएवढा गडी! धा वर्सं लांडग्याम्होरं उभा ऱ्हायला, एक कोकरू जाऊ दिलं न्हाई. औंदा त्याचे मागचे पाय गेले. बसला की उठता येईना, उठला की मागून लटपटायचा. टेम्पोत घालून जिंतूरला ढोरांच्या डॉक्टरकडं नेला. ते म्हणले, "बाई, कमरेची हाडं झिजलीत. जुन्या लुगड्याची झोळी पोटाखालून घाला, मागून उचलून धरा, रोज थोडं थोडं चालवा. अन् डाग देऊ नका बरं का."

वीस दिवस मी तेच केलं. माझी कंबर मोडली, पण ढाण्या मेंढरांच्या वाड्याभवती चक्कर मारायला लागला.

अन् परवा मी पाण्याला गेले तवा आमच्या भायांनी, म्हंजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, लिंबाजीनं, विळा तापवून त्याच्या कमरेवर दोन्हीकडून डाग दिला! कातडं निघालं. झोळी लागली की केकाटायलाय बिचारा.

काल भाया नवऱ्याला सांगत व्हते, "मेंढराला देतो तसाच दिला की. उद्या चारठाण्याहून वाडा हलवायचाय, लवकर चालावं म्हणून."

मुडदा बशिवला त्या घाईचा!

आज सकाळी घोड्यावर बिऱ्हाड लादलं. माझा नवरा येडबा हळूच म्हणला, "ढाण्याला हितंच देवळापाशी सोडू. लोक भाकरतुकडा घालत्याल."

"तुमचे गुडघे दुखायलेत न्हवं? तुमालाबी सोडू का देवळात?"

मी घोड्यावरची देवाची टोपली खाली घेतली.

"देवाच्या जागी कुत्रं?" भाया वरडले. "देव बाटवतीस का, बानू?"

पंचवीस वर्सांत मी भायांशी मान वर करून बोलले न्हवते. आज पदर खोचला.

"दादा, टोपली उघडा. खंडोबाचा टाक बघा. घोड्याच्या पायाशी कोण हाय? देवानं कुत्रं सोडलं न्हाई, अन् तुमी सोडणार? देव मी डोक्यावर घेते. तुमी ह्याला उचला. ज्यानं डागला त्यानंच उचलायचा!"

भाया खाली वाकले, डागाला धक्का लागू नये म्हणून छातीखालून हात घातला. ढाण्यानं मान वळवली. आता मनगट धरतोय बघा, मला वाटलं. धर की रे, मी मनात म्हणले.

त्यानं भायांचा हात चाटला. विळा धरलेला तोच हात.

भाया तसेच वाकून ऱ्हायले, डोळे पुसायलाबी हात मोकळा न्हवता. अन् मला भायांपेक्षा ढाण्याचाच लय राग आला.

"मेल्या, चावायचं व्हतंस," म्हणले, अन् रडत रडत घोड्याची दोरी ओढली.