उष्टी वीज

धुण्याची बादली घेऊन काकी अंगणात आल्या, तर दोरी जागेवर नाही. दोन्ही खांब नुसते उभे. काकींनी कपाळावर हात मारला. हे काम तारवालीचं, दुसऱ्या कुणाचं असणार?

तारवाली म्हणजे सौर विजेची योजना आखायला आलेली इंजिनीअर मुलगी. हे नाव तिला गावातल्या पोरांनी दिलं होतं. काकींचा नवरा गावचा प्रमुख, म्हणून ती त्यांच्याच पडवीत उतरली होती. दिवसभर टेप घेऊन घरं मोजायची आणि प्रत्येक घरात आधी चुलीशी जाऊन बसायची. वीज कशाला हवी म्हणून पुरुषांना विचारलं की सगळे टीव्ही म्हणतात, दिवा नेमका कुठे हवा ते बायकाच सांगतात, असं तिचं म्हणणं. तिच्या संस्थेचा एक नियमही होता. प्रत्येक घरातून एक पुरुष आणि एक बाई, दोघांचे हात वर झाल्याशिवाय त्या घराचा होकार धरायचा नाही, आणि बहुतेक घरांचा होकार नसेल तर गावात खांब रोवायचा नाही. पुरुष यावर पोट धरून हसले होते. बाई काय, आपण हात वर केला की तीही करणार, असं त्यांना वाटलं.

काकींनी मात्र तिला पहिल्याच दिवशी घराची मागची खोली दाखवली. खोली गोठ्याला लागून, खिडकी नसलेली. घरातली सगळी बाळंतपणं तिथेच व्हायची. का, तर सुईण ओढ्यापलीकडची. मेलेली जनावरं ओढून नेण्याचं काम त्या वस्तीच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आलेलं, म्हणून तिथल्या माणसांना गावातल्या घराचा उंबरा बंद. सुईण मागच्या दाराने यायची, मूल उचलायची आणि मागच्या दाराने जायची. मग खोली धुवून काढायची. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

काकींची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि त्याच खोलीत गेली. मूल होऊन गेलं होतं, सगळे निर्धास्त होते, आणि अंथरुणाखाली रक्त वाहत राहिलं. कंदिलाच्या धुरकट उजेडात सुईणीला ते उशिरा कळलं. "मला दिसलं नाही हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "सांडलेलं पाणी काळं, रक्तही काळं. मला दिसलं नाही." गावाने तिला शिव्या घातल्या. काकींनी घातल्या नाहीत. त्याही त्याच खोलीत होत्या आणि त्यांनाही दिसलं नव्हतं.

आता सुनेला चौथा महिना होता. म्हणून काकींना दिवा हवा होता. बैठकीत नको, देवापुढे नको, त्या खोलीत हवा होता.

दोरी सापडली चावडीसमोरच्या मैदानात. तारवालीने लोकांना गोलात उभं करून ती त्यांच्या हातांत दिली होती. टोकाला टोक बांधलेलं. वीज कशी फिरते ते तिला दाखवायचं होतं. एका तारेने येते, दिवा लावते, दुसऱ्या तारेने परत जाते, असं म्हणत ती दोरी ओढायची आणि दोरी सगळ्यांच्या मुठींतून सरसर सरकायची. लोक खुश. मैदानाच्या कडेला, नेहमीच्या अंतरावर, पलीकडच्या वस्तीतली चार माणसं उभी होती, त्यांत सुईणही. पोरीने तिकडे पाहिलं. पॅनेल त्यांच्याच जमिनीवर उभे राहणार होते, कारण गावाच्या डोक्यावर डोंगर, दुपार कलली की सावली. ओढ्यापलीकडचा उतार तेवढा दिवसभर उन्हात. पूर्वजांनी या लोकांना तिथे उन्हात मरा म्हणून ढकललं होतं आणि आता त्या उन्हालाच मोल आलं होतं. जमीन द्यायला ते तयार होते. अट एकच, पहिला दिवा सुईणीच्या खोलीत.

पोरीने सुईणीला हाक मारली, गोलात ओढली आणि दोरी तिच्या हातात दिली. मग मघासारखी दोरी ओढली.

सुईणीच्या मुठीतली दोरी सरकत सरकत गिरणीवाल्याच्या मुठीत आली. गिरणीवाला म्हणजे गावातलं जाणतं माणूस. त्याने विंचू हाताला लागावा तशी दोरी टाकली.

"म्हणजे हिच्या घरातून फिरून आलेली वीज माझ्या घरात येणार?" त्याने विचारलं.

पोरगी भाबडी. हसून म्हणाली, "हो, सगळ्यांचं एकच वर्तुळ."

झालं. दुपारपर्यंत शब्दसुद्धा तयार होता, उष्टी वीज. ज्यांना सकाळी वीज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्यांना संध्याकाळी तिचा विटाळ ठाऊक झाला. माणूस या बाबतीत भारी हुशार. नवी वस्तू हाती येण्याआधी तिच्यापासून कुणाला लांब ठेवायचं ते तो ठरवून मोकळा होतो.

संध्याकाळी पडवीत बैठक बसली आणि निर्णय झाला. पॅनेल पलीकडेच उभे करायचे, ऊन तर देवाचं, त्याला विटाळ नाही. पण तार वस्तीवरून न थांबता थेट गावात आणायची. वस्तीला वाटायचे हातातले दिवे, त्यांचे त्यांनी उन्हात ठेवून वापरावे. तारवालीने परोपरीने समजावलं, चिडली, शेवटी वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठ म्हणाले, गाव हातचं घालवू नकोस, वस्तीचं पुढच्या टप्प्यात बघू. पुढचा टप्पा! या दोन शब्दांत किती वस्त्या गाडल्या गेल्या असतील, देव जाणे.

पोरगी पायरीवर डोकं धरून बसली. काकी तिच्याशेजारी टेकल्या.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी उद्या नीट समजावते. वीज उष्टी होत नसते, काकी. एका घरात गेली म्हणून दुसऱ्या घरातली बाटत नाही."

"ते त्यांना कळत नाही असं वाटतं तुला?" काकी म्हणाल्या. "तू समजावशील. मग ते वेगळी तार मागतील. तीही दिलीस, तर वेगळा सूर्य मागतील."

जेवताना काकींनी नवऱ्याला सरळच विचारलं, की तुम्हाला हे खरं वाटतं का. प्रमुख ताटातली भाकरी चुरत राहिले. माणूस वाईट नव्हता. लेक गेली तेव्हा महिनाभर त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"मला कळत नाही होय?" ते म्हणाले. "पण गावाला काय सांगू? आणि ती दोरी टाकून दे. नवी आणू."

सकाळी उठून काकींनी तीच दोरी खांबांना बांधली, चांगली ताणून बांधली, आणि तिच्यावर नवऱ्याचा पांढरा सदरा वाळत घातला. रस्त्यावरून दिसेल असा.

मग त्या ओढा ओलांडून गेल्या. भर दिवसा, चार लोकांच्या देखत. सुईण दारात भाजी निवडत बसली होती. तिने उठून पाट पुढे केला आणि अर्ध्यातच थांबली. काकी बसतील की नाही, तिला कळेना. काकींनी पाट ओढून घेतला आणि बसल्या.

सुईणीला सगळी बातमी कळली होती. ती रडली नाही की भांडली नाही. म्हणाली, आमच्या लोकांनी ठरवलंय, जमीन द्यायची नाही. पॅनेल आमच्या डोक्यावर आणि उजेड तुमच्या घरात, हे आता नाही चालायचं. हातातले दिवे तुमच्या गिरणीवाल्याला द्या, गिरणीत उंदीर फार झालेत म्हणतात.

काकींना त्याही वेळी हसू आलं. मग त्यांनी सुनेचं सांगितलं.

सुईणीने निवडलेली भाजी बाजूला सारली.

"तिला मी टाकणार नाही, बाई," ती म्हणाली. "पण त्या खोलीत आता येणार नाही. तुमची लेक माझ्या हातांत गेली. लोकांना वाटतं मी विसरले. मी अंधारात पुन्हा हात घालणार नाही. उजेड आला तर इथे येईल, या खोलीत. सुनेला इकडे आणा."

"आणते," काकी म्हणाल्या. शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांना धडकी भरली. प्रमुखांच्या घरातलं मूल ओढ्यापलीकडे जन्माला येणार! पण त्यांनी तो परत घेतला नाही. उठताना आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सुईणीला अहो म्हटलं. "येते हो. आणि तुम्हीही खचू नका."

घरी येऊन सुनेला विचारलं. सून अबोल, सासूसमोर मान वर न करणारी. पण नणंदेची ती रात्र तिनेही दाराआडून ऐकली होती. "मला जगायचंय, आई," एवढंच ती म्हणाली. काकींना दुसरं काही नको होतं. मग त्या प्रमुखांनाही सांगून आल्या. ते ओरडले, ताटावरून उठले. काकी म्हणाल्या, ओरडा, पण ऐका.

होकार घ्यायच्या दिवशी सगळं गाव मैदानात. पुरुष पुढे, बायका मागे. तारवालीने दोन्ही आराखडे भिंतीवर लावले होते. एकात तार वस्तीत थांबत होती, दुसऱ्यात वरून निघून जात होती. गिरणीवाल्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. पुरुषांचे हात भराभर वर गेले. प्रमुखांचाही गेला, जरा उशिरा, पण गेला.

"आता बायका," तारवाली म्हणाली.

काकी उठल्या. पदर खोचला.

"माझ्या घराचा होकार नाही," त्या म्हणाल्या. "माझी सून ओढ्यापलीकडे बाळंत होणार, सुईणीच्या खोलीत, दिव्याखाली. तिथे तार जाणार नसेल तर माझ्या घरात नको. मला टीव्ही नको, पंखा नको. माझी लेक अंधारात गेली. त्या अंधाराला विटाळ नव्हता का? तेव्हा कुणी विचारलं नाही, तो कुणाच्या घरातून फिरून आलाय ते."

गिरणीवाला प्रमुखांकडे वळून म्हणाला, की बायकोला आवरा. प्रमुख जमिनीकडे पाहत राहिले. आवरणं सोपं नव्हतं आणि त्यांना ते करायचंही नव्हतं, पण हे तोंडाने म्हणायची हिंमत त्या दिवशी त्यांच्यात नव्हती.

"आणि दुसरं ऐका," काकी बायकांकडे वळल्या. "तुमच्यातली एक तरी अशी आहे का, जिचं मूल त्या बाईने उचललं नाही? असेल तिने खुशाल या दुसऱ्या आराखड्याला हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही. गिरणीवाल्याच्या बायकोचासुद्धा नाही. तिला सहा मुलं होती आणि सहाही सुईणीच्या हातची. नवऱ्याने डोळे वटारले तर तिने मान फिरवून लांबच्या डोंगराकडे पाहिलं, जणू आजच तिला तो दिसला.

तारवालीने दुसरा आराखडा भिंतीवरून काढला आणि चार तुकडे केले. वरिष्ठांचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं, की नियमाप्रमाणे वस्ती वगळून या गावाचा होकार नाही. एकच तार जाईल, नाहीतर मला बदला, पण मग माझ्या जागी येणाऱ्यालाही या बायकांनाच विचारावं लागेल. पलीकडून काय उत्तर आलं ते कुणाला ऐकू आलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र ती ओढ्यापलीकडे खुंट्या ठोकत होती. पहिल्या आराखड्याला बायकांनी हात वर केले, मग पुरुषांनीही कुरकुरत केले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? गिरणीवाला तेवढा अडून बसला. आपल्या घरी तार नको म्हणाला. त्याला कुणी आग्रह केला नाही.

वस्तीने जमीन दिली, पॅनेल उभे राहिले, खांब आले, आणि पहिला दिवा सुईणीच्या खोलीत लागला. सुनेचे दिवस भरले तेव्हा काकी तिला हाताला धरून भर रस्त्याने घेऊन गेल्या. गावातली दारं किलकिली झाली. कुणी नाकं मुरडली, कुणी काही बोललं. काकींचं सगळं लक्ष सुनेला नीट चालवण्यात होतं.

मूल दिवेलागणीला झालं. मुलगी. रडली, सगळे हसले, आणि सुईणीने अंथरूण उचलून खाली पाहिलं. काकी पुढे वाकल्या. तेच, पुन्हा तेच.

"लाल," सुईण म्हणाली. "दिसतंय मला. घाबरू नका, लगेच दिसलंय."

तिचे हात कामाला लागले. पोट दाबून धरलं, चोळलं, तालुक्याच्या नर्सने शिकवल्याप्रमाणे औषध दिलं. दिवा जराही हलला नाही की धुरला नाही. बऱ्याच वेळाने ती मागे टेकली आणि म्हणाली, थांबलं. मग दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, एक मेलेल्या लेकीसाठी आणि दुसरीही तिच्याचसाठी.

खोलीबाहेर प्रमुख उभे होते. कधी ओढा ओलांडून आले, कुणाला कळलं नव्हतं. काकी बाहेर आल्या तसे ते पुढे झाले.

"नात झाली. आई सुखरूप आहे," काकी म्हणाल्या.

प्रमुखांनी डोळे पुसले. मग चाचरत विचारलं, की घरी कधी न्यायचं, बाळंतिणीसाठी सुईणीलाही रोज यावं लागेल, तर मागची खोली झाडून ठेवू का.

"ती खोली गुरांना द्या," काकी म्हणाल्या. "आपण सगळे पुढच्या दाराने येणार आहोत. त्याही."

आज त्या घराच्या अंगणात जुन्या दोरीवर बाळाची दुपटी वाळत असतात. दोरी तीच, सगळ्यांच्या हातांतून फिरलेली. तुमच्या घरात दिवा असेलच. बटण दाबाल तेव्हा एकदा मागे वळून पाहा, तुमच्या घरालाही अशी एखादी मागची खोली आहे का, आणि तिच्या दाराने तुम्ही कुणाला आत घेता.