चौसष्ट घरटी आणि काही भाडेकरू

स्थान.
किनाऱ्यापासून होडीने पस्तीस मिनिटं. होडी दक्षिणची असेल तर चाळीस. दक्षिण हे होडीवाल्याचं टोपणनाव. आत्याच्या भूगोलाच्या वर्गात कुठलीही दिशा विचारली तरी तो दक्षिण म्हणायचा. आत्या निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तो अजून तिला बाई म्हणतो आणि ती अजून त्याला दिशा विचारते.

आकार.
एका बाजूने चावा घेतलेल्या बिस्किटासारखा. घेर ओहोटीला चारशे बारा पावलं, भरतीला दोनशे नव्वद. पावलं आत्याची, दर वर्षी नव्याने मोजलेली. "तू जाड झालीस की पावलं आखूड पडतात आणि बेट मोठं होतं," असं मी एकदा म्हणाले होते. ते तिने वहीत तळटीप म्हणून लिहून ठेवलंय.

भूरचना.
पश्चिमेला काळा खडक, त्यात पावसाचं पाणी साठणारी परातीएवढी खळगी. पूर्वेला शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू. मधे गवत आणि एकच झुडूप.

मी नकाशांच्या कचेरीत काम करते. आमचं किनाऱ्यावरच्या बेटांचं पुस्तक दुसऱ्या दिवशी छपाईला जायचं होतं. साहेबांचा नियम साधा: साठ घरटी असतील तर बेटाला स्वतःचं पान. नसतील तर शेवटच्या 'इतर खडक' या यादीत एक ओळ. मोजणी दोघांनी करायची, आकडे जुळायला हवेत.

"इतर खडक," आत्या होडीत तीनदा म्हणाली. तीस वर्षं ती या बेटावर येत होती. "मला उद्या कुणी 'इतर बायका' म्हटलं तर चालेल. पण याला खडक?"

पक्षी.
सुरय. पांढरा, काळ्या टोपीचा, कात्रीसारख्या शेपटीचा. घरटं म्हणजे वाळूत बशीएवढा खळगा आणि त्यात दोन ठिपकेदार अंडी, वाळूच्याच रंगाची. शेजाऱ्यापासून हातभर अंतर. माणूस आला की सगळी वसाहत त्याच्या डोक्यावर. सुरय सगळ्यात उंच टोकावर चोच मारतो, म्हणून आत्या छत्री उघडून चालते. छत्री काळी होती. आता म्हणता येत नाही.

दक्षिणने डोक्यावर बादली घातली.

"दिसतंय का काही?" मी विचारलं.

"बादली दिसतेय," तो म्हणाला.

पद्धत.
सगळी घरटी सारखीच दिसतात, एकच दोनदा मोजलं जातं. म्हणून आत्याने युक्ती काढली. तिने प्रत्येक घरट्याशेजारी एक शंख ठेवत जायचं, आकडा मनात ठेवायचा. मग मी तेच शंख वेचत यायचं आणि हातातले मोजायचे. शंख तिने घरच्या काचेच्या कपाटातून आणले होते. सत्तर. तीस वर्षांत जमवलेले, धुतलेले, एकेक निवडक.

तिचं काम झालं तेव्हा पक्षी फार बिथरले होते. त्यांना टेकू द्यावं म्हणून आम्ही खडकामागे दीड तास बसलो आणि पाव खाल्ला. दक्षिणने डब्यातून उकडलेलं अंडं काढलं. आत्याने नुसतं बघितलं. त्याने ते परत ठेवलं.

चूक.
मी वेचायला गेले. आठ शंख मिळाले, नववा मिळेना. पुढे शंख पडले होते तिथे घरटं नव्हतं, घरटं होतं तिथे शंख नव्हता. आणि ते शंखही कपाटातले नव्हतेच. फुटके, मळके, लहान.

"आत्या, कुणीतरी तुझे शंख बदलले."

"इथे कोण बदलणार?"

तेवढ्यात तिचा सगळ्यात आवडता, गुलाबी तोंडाचा शंख माझ्या पायाजवळून चालत गेला.

इतर प्राणी.
परक्या शंखात राहणारा खेकडा. त्याला आत्या भाडेकरू म्हणते. अंग वाढलं की जागा अपुरी पडते, मोठी शोधावी लागते. ढगाळ दिवस होता, ऊन नव्हतं, आणि आम्ही सत्तरातल्या बहुतेक सुंदर, हवेशीर, रिकाम्या जागा वाळूत मांडून जेवायला गेलो होतो.

झुडपाखाली एक मोठा शंख पडला होता. त्यापाशी नऊ खेकडे रांगेत उभे होते, मोठ्यापासून लहानापर्यंत. पहिला आपल्या शंखातून निघून नव्यात शिरला. त्याच्या जुन्यात दुसरा, दुसऱ्याच्यात तिसरा. सगळी रांग सरकली. शेवटी भुईमुगाच्या दाण्याएवढा एक शंख रिकामा राहिला.

आत्या छत्रीसकट खाली बसली होती. डोक्यावर पक्षी ओरडत होते, तिला पत्ता नव्हता. "कुणी ढकललं नाही," ती हळूच म्हणाली. "माझ्या वर्गात कधी अशी रांग लागली नाही."

"बाई, मी इथेच आहे," दक्षिण म्हणाला.

"आत्या, भरतीला सव्वा तास. पानाचं काय?"

"तुम्ही दोघं मोजा ना. मी कामात आहे."

पुन्हा पक्षी.
वाट दक्षिणने काढली. नांगराचा दोर त्याने वाळूवर आडवा ताणला. दोराच्या अलीकडची घरटी मोजायची, मग दोर चार हात पुढे सरकवायचा. मी पेन्सिलीने रेघा मारत गेले. तो सुतळीला गाठी मारत गेला, कारण होडीत चढणारी माणसंही तो तशीच मोजतो. आजवर त्याने कुणाला बेटावर विसरलेलं नाही.

माझ्या रेघा चौसष्ट. त्याच्या गाठी पासष्ट.

पाणी वाळूच्या कडेला लागलं होतं. पुन्हा मोजायला वेळ नव्हता, आणि न जुळलेला आकडा साहेब घेत नाहीत.

"पहिली गाठ कुठल्या घरट्याची?" मी विचारलं.

"पहिली माझी," दक्षिण म्हणाला. "मी नेहमी आधी स्वतःला धरतो. नाहीतर एखाद दिवशी मीच राहायचो इथे."

झुडपाखालून, मान न वळवता, आत्या म्हणाली, "शंखांची पिशवी बघ. मांडून सहा उरलेत."

सत्तरातून सहा गेले, चौसष्ट. मी बादलीवर कागद ठेवून सही केली. आत्यालाही सही करायला तिथून ओढून आणावं लागलं.

"आता घर कुठल्या दिशेला रे?" होडीत बसल्यावर तिने विचारलं.

"दक्षिणेला, बाई."

होतंही तसंच. आत्या इतकी हसली की छत्री पाण्यात पडली, आणि निदान धुतली तरी गेली.

विशेष.
बेटाला पान मिळालं. 'विशेष' या रकान्यासाठी आत्याने अकरा पानं लिहून दिली. साहेबांनी त्यातलं एक वाक्य ठेवलं: "येथील खेकडे रांगेने घर बदलतात." ते तिने घरी आलेल्या प्रत्येकाला वाचून दाखवलं.

काचेचं कपाट रिकामं आहे; पिशवीत उरलेले आणि मी वेचलेले शंखही ती बेटावरच ठेवून आली. शंख कुठे गेले, असं विचारलं की ती म्हणते, "भाड्याने दिलेत." आणि मग पाहुण्याला सोडत नाही. रांगेत पहिला होता ना, त्याला नवी जागाही जरा तंगच होत होती, तिने स्वतः पाहिलंय. तुमच्याकडे एखादा मोठा शंख असेल तर बघा. मुठीएवढा चालेल. तोंड मात्र रुंद हवं.