सातव्यात ती बसते

आमच्या वाचनालयात येणाऱ्या बायका पुस्तक मागत नाहीत, क्रम विचारतात. "आधी कुठलं वाचू?" म्हणून उभ्या राहतात आणि मी तोंडदेखलं हसून पहिलं काढून देते. प्रश्न त्या सात कादंबऱ्यांबद्दलच असतो, हे आता सांगावं लागत नाही. जुन्या, नावाजलेल्या इंग्रजी कादंबऱ्या घ्यायच्या, त्यातल्या घोडागाड्या, हातमोजे आणि धुक्यातल्या टेकड्या तशाच ठेवायच्या, आणि मूळ गोष्टीत ज्या बिचाऱ्या झुरून मेल्या किंवा तशाच राहिल्या त्यांची थाटात लग्नं लावून द्यायची, असा त्या लेखिकेचा उद्योग. ही पुस्तकं भाषांतर होऊन आली तेव्हा विद्वान सभासदांनी नाकं मुरडली आणि त्यांच्या बायकांनी त्याच नाकांखालून ती घरी नेली.

प्रकाशकाने पुस्तकं हाताला लागतील तशी काढली होती, चौथं सगळ्यांत आधी आणि दुसरं पार मागाहून, त्यामुळे एका पुस्तकात नवऱ्यासोबत सुखाने नांदणारी बाई पुढच्यात कुमारिका म्हणून भेटायची आणि सभासद माझ्याशी भांडायचे. क्रम मी लावला. त्यात काही मोठी विद्या नव्हती. एका पुस्तकात जी बाजूला उभी असते, कोणाची मैत्रीण, कोणाची मावसबहीण, नवरीचे हातमोजे धरणारी, तिचंच लग्न पुढच्या पुस्तकात होतं. बाजूला कोण उभं आहे ते बघायचं, की पुढचं पुस्तक कळतं. मला ते चटकन दिसलं, कारण बाजूला उभं राहण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मग प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर मी आकड्याची चिठ्ठी चिकटवली, आणि तेव्हापासून आमच्याकडे हा क्रम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाला.

या पुस्तकांत आणखी एक बाई आहे, ती मात्र कोणाला दिसत नाही. प्रत्येक गोष्टीतल्या मोठ्या घराच्या दारात ती असते, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिला नाव नाही. पुस्तकभर शोधलं तर तिच्या वाट्याला एखादं वाक्य येतं, 'किल्ल्यांची बाई बाजूला झाली' किंवा 'किल्ल्यांच्या बाईने दार लावून घेतलं', एवढंच. चौथ्या पुस्तकात घरचा मालक तापाने फणफणतो तेव्हा ती त्याच्या उशाशी रात्र काढते, तीही उभ्याने. ती कधी बसत नाही. सहाव्याच्या शेवटी सगळ्यांची लग्नं उरकतात आणि बाजूला फक्त तीच उरते. म्हणजे सातवं पुस्तक तिचं, हे उघड होतं. ते मी वाचलं नव्हतं. पहिली सहा मला जवळजवळ पाठ होती, सातवं मात्र मी राखून ठेवलं होतं, कारण माणसाकडे काहीतरी यायचं बाकी असलं पाहिजे असं मला वाटायचं.

घरी मी दादाकडे असते. वहिनी गेली तेव्हा थोडे दिवस म्हणून आले, भाची लहान होती, खिळ्यावरच्या किल्ल्या काढून कमरेला लावल्या आणि त्या पुन्हा खिळ्यावर गेल्याच नाहीत. माझी खोली स्वयंपाकघरामागची. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत, एक दादाची, दुसरी येणाऱ्या-जाणाऱ्याची. मी त्या दुसऱ्या खुर्चीवर कधी बसले नाही. बसू नको असं कोणी म्हटलेलं नव्हतं, पण बस असंही कोणी म्हटलं नव्हतं, आणि हातात कायम काहीतरी असायचं. जेवतेही मी ओट्याशी उभ्याने. दादाचं चष्म्याचं दुकान आहे, तो माणसाच्या तोंडाकडे बघून त्याचा नंबर ओळखतो, असं गिऱ्हाइकं कौतुकाने सांगतात. माझ्या तोंडाकडे त्याने एवढं निरखून कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

इतिहासाच्या बाई सभासद झाल्या त्या दुपारी टेबलावर सातही पुस्तकं आली होती, हा एक योगच. शाळेत इतिहास शिकवायच्या, माझ्याच वयाच्या, एकट्या. मी नेहमीप्रमाणे पहिलं पुढे केलं, तर त्यांनी सातवं उचललं.

"आधी पहिलं न्या," मी म्हटलं. "क्रम आहे त्याला."

"मी शेवटून मागे वाचते," त्या म्हणाल्या. "शेवट कळला की जिवाला घोर नाही."

"मग मजा काय राहिली?"

"मजेसाठी कोण वाचतं?"

मला त्यांचा असा राग आला की शिक्का मारताना टेबल हललं. पण नियमात असं कुठे लिहिलं होतं की क्रमाने वाचा? त्या आठवड्याने परत आल्या, पुस्तक ठेवलं आणि सहज म्हणाल्या, "किल्ल्यांच्या बाईचं छान केलंय हो."

माझा हात तिथेच थांबला. इतक्या वर्षांत इतक्या जणींनी ती पुस्तकं वाचली, पण त्या बाईचा शब्द कोणाच्या तोंडून आला नव्हता. "सांगू नका," मी घाईघाईने म्हटलं, "माझं वाचायचंय."

"तुम्ही वाचलं नाहीये?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, डॉक्टर आत काय म्हणाले ते आधीच कळलेला माणूस बाहेर बसलेल्या नातेवाइकाकडे बघतो तसं. मग सहावं उचलत म्हणाल्या, "नाही सांगत. एवढंच सांगते, सातव्यात ती बसते."

मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली. घरी येताना मी रस्त्यात एकटीच हसत होते. म्हणजे ही उभी बाई शेवटी बसणार होती! आपल्या घरात, सगळ्यांदेखत, कोणीतरी तिला बस म्हणणार होतं. त्या संध्याकाळी पुढच्या खोलीतला केर काढताना मी दुसऱ्या खुर्चीवरून जरा जास्तच वेळ फडकं फिरवलं.

त्याच सुमारास बाईंना वाचायच्या चष्म्याची गरज पडली आणि त्या दादाच्या दुकानात जाऊ लागल्या. एक दिवस दादा त्यांना चहाला घेऊन आला. त्या दुसऱ्या खुर्चीवर बसल्या, मी आत चहा टाकला. दादाला साखर वर्ज्य आहे, म्हणून मी साखरेची बरणी मिठाच्या डब्यामागे लपवते, हे दादालाही ठाऊक नाही. मी कप घेऊन गेले, तर बाई आपल्या कपाकडे बघून म्हणाल्या, "मला थोडी साखर लागेल. असू द्या, मी घेते, मिठामागे असेल ना." आणि उठून आत गेल्या आणि घेऊन आल्या. दादा हसला. मी उभीच होते.

त्यांनी सहावं परत केलं त्या दिवशी काम नव्हतं, म्हणून मी ते चाळायला घेतलं. शेवटच्या लग्नाच्या वेळी 'किल्ल्यांची बाई बाजूला झाली' हे वाक्य उजव्या पानावर वरून थोडं खाली आहे, मला डोळे मिटून दाखवता येईल. तिथे लिहिलं होतं, 'दार उघडंच होतं.' मागचं-पुढचं पान बघितलं. पान फाटलेलं नव्हतं, बांधणी मीच केलेली, दोरा जागच्या जागी. चुकून दुसरी प्रत आली म्हणावं, तर आमच्याकडे दुसरी प्रत नाही, आणि पहिल्या पानावर माझाच चहाचा डाग. आपलंच डोकं फिरलं, असं म्हणून मी पुस्तक जागेवर ठेवलं.

रात्री जेवताना दादाच्या जुन्या ऑपरेशनचा विषय निघाला. त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी इस्पितळातून हलले नव्हते, पाय सुजले होते माझे. दादा म्हणाला, "तेव्हा कोणी नव्हतं गं सोबतीला. एकट्याने काढले ते दिवस."

मी त्याला भात वाढला. हे सांगायला हवं, की मला त्यात गूढबिढ काही वाटलं नाही. मला वाईट वाटलं, आणि राग आला. केलेलं विसरायला माणसांना भूत लागावं लागत नाही, ती आपल्या आपण विसरतात, आणि घरची सगळ्यांत आधी. पाचवं परत आलं त्या आठवड्यात भाचीचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, की तिच्या लग्नातला पोशाख कोणी शिवला ते तिला आठवतच नाही, बहुतेक विकतचा असावा. त्याच्या गळ्यावरचं भरतकाम करताना माझी नजर अधू झाली होती. "असेल," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर पाचवं काढून बघितलं. नवरीच्या खोलीच्या दारात किल्ल्यांची बाई असायची, तिथे आता कोणी नव्हतं. चौथं परत आलं, तेव्हा तापाने फणफणलेला मालक अख्खी रात्र एकटाच कण्हत होता.

बाई माझ्या घरात पुढून येत नव्हत्या, पुस्तकं वाचत होत्या तशाच शेवटाकडून मागे येत होत्या. तिसरं झालं, दुसरं झालं. दादा त्यांना आता नावाने हाक मारायचा आणि मला "अगं" म्हणता म्हणता अडखळायचा, शब्द जिभेवर असून ओठांवर येऊ नये तसा. भाचीच्या लहानपणीच्या फोटोत जिथे मी तिला कडेवर घेऊन उभी होते तिथे ती स्टुलावर बसलेली होती, आणि स्टूल तर आमच्या घरात आहे, नाही असं कसं म्हणू? पहिलं पुस्तक तेवढं उरलं होतं. त्यात पहिल्याच पानावर ती बाई खिळ्यावरच्या किल्ल्या काढून कमरेला लावते. ते पुस्तक बाईंच्या हाती पडू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. वेडेपणा म्हणा, पण मला त्या घरातून जायचं नव्हतं. दुसरं घर मला नव्हतंच.

"पहिलं बाहेर गेलंय," मी त्यांना सांगितलं.

"असू दे. मला घाई नाही," त्या म्हणाल्या.

ते मी घरी आणून माझ्या खोलीतल्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवलं आणि पेटीला कुलूप लावलं. पुढच्या सोमवारी बाई आल्या आणि त्यांनी पहिलं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. पाठीवर माझीच चिठ्ठी, माझ्याच अक्षरातला एक.

"हे कुठे मिळालं?" मी विचारलं.

"यांनी दिलं. स्वयंपाकघरामागे ती खोली आहे ना रिकामी, तिथे सापडलं म्हणाले. कोणीतरी विसरून गेलं असेल." मग चष्मा काढून त्यांनी पुसला आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "छान क्रम लावलात हो तुम्ही. नाहीतर इतकं नीट उलटं वाचता आलं नसतं."

त्या गेल्यावर मी कपाटातून सातवं काढलं, पिशवीत टाकलं आणि वाचनालय बंद करून घरी निघाले. वाटेत उघडून शेवट बघावा असं फार वाटलं, पण अजूनही मला उभ्या उभ्या, क्रम सोडून वाचवेना. सवय वाईट. दारात पोचले, कमरेच्या जुडग्यातली मोठी किल्ली काढली, ती कुलपाशी नेते तोवर दार आतून उघडलं. बाई होत्या. हात ओले होते, ओट्यावरचं काम अर्ध्यावर सोडून आल्यासारख्या.

"कोण आहे?" आतून दादाचा आवाज आला.

"वाचनालयातल्या बाई आहेत," त्यांनी वळून सांगितलं, आणि माझ्याकडे बघत पुढे म्हणाल्या, "किल्ल्या द्यायला आल्यात."

मला ओरडायचं होतं. मी आत बघितलं, खिळा मोकळा होता, भिंतीवर त्याच्याखाली वहिनीच्या वेळचा जुडग्याचा घासलेला डागसुद्धा नव्हता. त्यांनी हात पुढे केला तो काही हिसकावून घ्यायला नव्हे, इतका सहज होता की माझ्याही हाताने किल्ल्या त्यात ठेवल्या. तेवढ्यात दादा बाहेर आला. तो आता मला ओळखेल, म्हणेल, अगं दारात काय उभी, आणि हे सगळं माझ्या थकलेल्या डोक्याचे खेळ ठरतील, असं मला अगदी शेवटपर्यंत वाटत होतं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. नीट, निरखून, आयुष्यात पहिल्यांदा.

"तुम्हाला जवळचं दिसायला त्रास होत असणार," तो आपुलकीने म्हणाला. "दुकानात या एकदा, बघतो." मग त्याने दुसरी खुर्ची पुढे ओढली, माझ्यासाठी, स्वतःच्या हाताने, आणि म्हणाला, "दारात का उभ्या? बसा ना. चहा घेऊन जा."

मी बसले.