चौदा दिवस कोणी ओरडलं नाही

माझा धाकटा भाऊ फळांच्या शीतगृहात कामाला आहे. तिथल्या गार खोल्या आणि त्या गार ठेवणारा अमोनिया, दोन्ही त्याच्या ताब्यात. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या चौदा दिवसांत नेमकं हेच मला सगळ्यात शेवटी आठवलं.

त्याला सगळे नगारा म्हणतात. शाळेत पडलेलं नाव पन्नाशी जवळ आली तरी सुटलेलं नाही. आई म्हणते, याला फोन हवाच कशाला, खिडकी उघडून बोलला तरी ताईच्या घरापर्यंत पोचेल. आणि अमोनियाबद्दल मला जे माहीत आहे ते त्यानेच सांगितलेलं. पाइपातून फिरतोय तोवर गरीब गाय. गळला की आधी नाकाला झोंबतो, मग डोळ्यांना, मग छातीत शिरतो. त्याच्या पुढचं तो घरी सांगत नाही.

पूर्वी तिथे भिंतीवर एक पत्र्याची पेटी आणि एक घंटा होती. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीची माणसं आली, त्यांनी प्रत्येक खोलीत वायू हुंगणारी एक डबी बसवली आणि पेटी उखडून नेली. भाऊ त्या रविवारी घरी आला तो हेच सांगत.

"ताई, आता आमची घंटासुद्धा ढगात गेली. डबी हुंगते, ढगाला कळवते, आणि ढगाला वाटलं तर आमच्याकडे सायरन वाजतो. फरशी धुतली तरी वाजतो मेला. डोक्याला ताप नुसता."

"कुठल्या ढगात?"

"मला काय माहीत? ढगाला कुठे पत्ता असतो?"

मी हसले. पोटापाण्यासाठी मी ढगातच तर बसते, लोकांचे सर्व्हर सांभाळत. ढगाला पत्ता असतो, दुसरा मजला असतो, आणि आत इतकी थंडी असते की मी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून काम करते.

आमच्या खोलीत खरीखुरी, लोखंडाची, हात लावता येतील अशी अकरा मशीनं होती. पण गिऱ्हाइकांना आम्ही दिलेली मशीनं दोनशे बारा. मोठ्या दिवाणखान्यात पडदे लावून बिऱ्हाडं बसवावीत तसं. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं, हे घर माझं, ही कपाटं माझी, ही तारही माझीच. प्रत्यक्षात पडदा, कपाट, तार, सगळं आम्ही कॉम्प्युटरच्या पडद्यावर आखलेलं. बटण दाबलं की मशीन जन्माला येतं, बटण दाबलं की जातं. मशीन करणं इतकं सोपं झालं की लोक करून विसरून जातात. या विसराळू माणसांचा मला भयंकर राग आहे. स्वतःच्या पोराला जत्रेत सोडून यावं आणि घरी जाऊन झोपावं, तसली ही जात.

त्या वर्षी सगळा पसारा नव्या इमारतीत हलवायचा ठरला. साहेबांनी फर्मान काढलं, ज्याला धनी आहे तेच मशीन सोबत न्यायचं, बेवारस एकही नको. मी सगळ्यांना पत्रं धाडली. दोनशे अकरा मशीनांचे धनी सापडले. राहिलं एक. त्याच्या नावाच्या जागी कोणीतरी नुसतं 'तात्पुरतं' असं लिहून ठेवलं होतं, आणि ते तात्पुरतं तीन वर्षं चालू होतं. ज्या कंपनीने घेतलं ती बंद पडलेली. पत्र परत आलं, फोन नंबर अस्तित्वात नव्हता. कंपनी ज्यांच्यासाठी काम करायची त्यांची नावं आमच्याकडे असण्याचं कारणच नव्हतं.

अशा वेळी आमच्या धंद्यात एक रीत आहे. धनी सापडत नसेल तर मशीन बंद करायचं आणि कोण बोंब मारतो ते बघत बसायचं. ज्याचं असेल तो तासाभरात फोनवर आग ओकतो. मग माफी मागायची, मशीन चालू करायचं, नाव लिहून घ्यायचं. चौदा दिवस कोणीच ओरडलं नाही, तर मशीन कायमचं पुसायचं. रीत माझी नव्हे, पण आमच्या खोलीत तिला शिस्त लावली ती मी. चौदा दिवस हा आकडाही माझाच. आधी लोक तीन दिवसांत पुसायचे. नव्या पोरांना मी छातीठोकपणे सांगायचे, पत्राला उत्तर देत नाही तो माणूस, वस्तू गेली की बरोबर ओरडतो.

'तात्पुरतं' मी बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बंद केलं. बंद करण्याआधी आत डोकावायला हवं होतं, असं आता कोणीही म्हणेल. आत जायला परवलीचा शब्द लागतो आणि तो बंद पडलेल्या कंपनीकडे होता. कुलूप फोडून जाता आलं असतं. पण त्यासाठी अर्ज, सह्या, चौकशा आल्या, आणि मला तो व्याप नको होता. हे कबूल करायला मला जड जातं, म्हणून स्पष्टच लिहिते.

आमच्याकडे एक नेटवर्कवाला आहे. तारा, दारं, कोण कुठून आत येतं, हे सगळं तो बघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दारातूनच विचारलं, "मॅडम, कोणी ओरडलं?"

"नाही."

"छान."

मग हा आमचा रोजचा रामरामच झाला. तो विचारायचा, मी नाही म्हणायचे, आणि दोघंही आपापल्या कामाला लागायचो. तिसऱ्या दिवशी मात्र तो विचारून तसाच उभा राहिला.

"ओरडत कोणी नाहीये, पण दार वाजवतंय कोणीतरी."

"म्हणजे?"

"त्या बंद मशीनच्या पत्त्यावर बाहेरून हाक येते. दर अर्ध्या मिनिटाला. रात्रंदिवस. कसल्या तरी यंत्रातल्या सिमकार्डावरून येतेय. कोणाचं ते फोन कंपनी सांगत नाही."

"अशी यंत्रं वाट्टेल तिथे हाका मारत फिरतात. माणूस आहे का मागे? असेल तर फोन करेल."

त्याने मान डोलावली. पुढचे आठ दिवस पुन्हा नुसता रामरामच. अकराव्या दिवशी परत आला, आणि या वेळी खुर्ची ओढून बसला.

"मॅडम, ते दार वाजवणं वाढलंय. अर्ध्या मिनिटाला होतं, आता दर सेकंदाला आहे. काल दुपारपासून. मला आपलं बरं वाटत नाही."

माझ्याही मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण त्या दिवशी नव्या इमारतीत चाळीस मशीनं हलवायची होती आणि एकाचं घोडं अडलं होतं. मी त्याच्यावरच खेकसले. "दार वाजवणं म्हणजे ओरडणं नव्हे. त्या हाकांनी आपली नोंदवही भरत असेल तर बाहेरच्या फाटकावर अडव त्याला."

"अडवू?"

"अडव म्हटलं ना."

त्याने अडवलं. दार वाजायचं थांबलं. मलाच जरा हायसं वाटलं.

चौदावा दिवस पुन्हा बुधवार. अकरा वाजायला दहा मिनिटं होती. 'तात्पुरतं' पुसण्याची पाटी मी पडद्यावर उघडून ठेवली होती. वेळेआधी पुसायचं नाही हा माझाच नियम, म्हणून अकरा दहाची वाट पाहत बसले होते. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"ताई, आईचा चष्मा तयार आहे म्हणे. तू आणतेस की मी आणू?" त्याच्या आवाजाने मी फोन कानापासून हातभर लांब धरला.

"मी आणते. तू कुठे आहेस? इतका का खोकतोयस?"

"कामावरच. काही नाही गं, वास जरा जास्त आहे तीन-चार दिवस. डोळे चुरचुरतात. पण सायरनशेजारचा दिवा हिरवा आहे, म्हणजे काही नाही."

"तुमचा तो सायरन?"

"अगं, तेच तर सांगायचं होतं! सुधारला की तो. दोन आठवडे झाले, एकदासुद्धा उगाच केकाटला नाही. फरशी धुतो, काहीही करतो, गप्प! आम्ही म्हटलं, वर कोणाला सांगायलाच नको, नाहीतर परत बिघडवून ठेवतील."

सगळे खूश होते. म्हणून कोणी ओरडलं नव्हतं. हे मला कळलं, पण पूर्ण कळायला अजून एक प्रश्न लागला.

"शेवटचा कधी वाजला रे?"

"थांब, फळ्यावर लिहितो आम्ही." चालण्याचा आवाज, खोकला. "वाजला दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी. आणि दुसऱ्या दिवशी बुधवारी सकाळी त्याची रोजची चाचणी झाली, अकराला पाच कमी. त्यानंतर चाचणीसुद्धा नाही. का गं?"

"आणि तो हिरवा दिवा कोण लावतं?"

"तोच. ढग. शेवटी जो लावला असेल तो राहतो."

तो दिवा हिरवा नव्हता. तो चौदा दिवसांपूर्वीचा होता.

"बाहेर हो," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. सगळ्यांना घेऊन बाहेर हो. तुमचा ढग मी बंद केलाय. मी! ऐकतोयस ना?"

फळ्यावरचा खडू खाली पडल्याचा आवाज आला.

"चार नंबरच्या खोलीत दोघं आहेत," तो म्हणाला. "फळांच्या पेट्या काढतायत. आत फोन लागत नाही, भिंती जाड. मी हाक मारून आणतो."

"मास्क घाल!"

"मास्क ऑफिसात आहे, पलीकडच्या टोकाला. दोन मिनिटांचं काम आहे, ताई. फोन ठेवू नकोस."

फोन कुठल्या तरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग धावत जाणारी पावलं. मग त्या खोलीचं जाड दार, रबर सुटल्यासारखं उघडलं.

मी पुसण्याची पाटी बंद केली. घाईत दोनदा बोट 'पुसा'वरच जाता जाता राहिलं. 'तात्पुरतं' चालू केलं. मशीन जागं व्हायला दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांत मला आठवलं की जागं होऊन उपयोग नाही. त्याला हाक पोचणारच नाही. फाटकावर मीच अडवायला लावली होती.

नेटवर्कवाला हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता. मी उभी राहिले आणि बोंब मारली. सगळ्या मशीनांच्या घरघरीवर, सगळ्या माना वळतील अशी. "फाटक उघड! ते दार वाजवणारं यंत्र आत घे! आत्ता!" चौदा दिवसांत त्या मशीनसाठी ओरडलेलं पहिलं माणूस मी होते.

त्याने काही विचारलं नाही. त्याची बोटं चालायला लागली. फोनमधून लांबून, त्या जाड दारातून, भावाचा आवाज आला. दोघांना हाका मारत होता. नगाराच तो. एकदा ऐकू आलं, दोनदा ऐकू आलं. तिसऱ्यांदा मध्येच खोकला आला आणि हाक अर्धी राहिली.

"उघडलं!" नेटवर्कवाला ओरडला.

'तात्पुरतं' जागं झालं. नव्याने सुरू झालं की कुलूप लागायच्या आत त्याचा साधा पडदा उघडतो, तो माझ्यासमोर आला, खोल्यांची यादी आणि पुढे आकडे. एक, दोन, तीन ठीक. चार नंबरचा आकडा लाल होता आणि मी बघत असतानाच वाढत होता. त्याच क्षणी फोनमध्ये सायरन फुटला. कानठळ्या बसतील असा, एकसुरी, न थांबणारा. त्याच्याखाली पावलं नाहीत, दार नाही, हाक नाही, काहीच ऐकू येईना.

पडद्यावर सायरनच्या शेजारी एक बटण होतं, 'शांत करा'. ते दाबलं असतं तर मला कळलं असतं, भाऊ बोलतोय की नाही. पण तिथे अजून कोण कोण असेल, कोणाला अजून पळायचं असेल, ते मला माहीत नव्हतं. मी उजवा हात मांडीखाली दाबून बसले. फोन कानात घुसवला आणि त्या केकाटण्याच्या मागे एखादी ओरड आहे का ते शोधत राहिले. कसलीही चालली असती. शिवीसुद्धा.

नेटवर्कवाला केव्हा माझ्याजवळ येऊन उभा राहिला ते समजलं नाही. त्याला सगळं कळलं होतं. त्याने लाल आकड्याकडे पाहिलं, माझ्या फोनकडे पाहिलं, आणि इतक्या हळू विचारलं की मला त्याच्या ओठांवरून वाचावं लागलं.

"मॅडम, कोणी ओरडलं?"

"नाही," मी म्हणाले.