वासाची जुडी

गुरुवारच्या बाजारात ओरेस्तेच्या भाजीच्या गाड्यावर मी एकोणीस वर्षं जात होते. त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस मला फसवतोय.

वजनात नाही, जुडीत. इटलीतल्या आमच्या रोमान्यात खरेदी झाली की भाजीवाला शेवटी पिशवीत एक जुडी टाकतो. सेलरीची काडी, एखादं गाजर, थोडी पार्सली. रश्श्याला वास येण्यापुरती. ती मागायची नसते, तोलायची नसते, तिचे पैसेही नसतात. पण कुणाला केवढी मिळाली, हे चौकातल्या सगळ्या बायका डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतात. माझा नवरा नेल्लो होता तोवर माझी जुडी सगळ्यांत जाड असायची. तो गेल्यावर ती बारीक झाली.

आणि देल्फिनाची फुगली.

देल्फिना आमच्याच गल्लीत शिवणकाम करायची. एकटी, ताठ मानेची. गाडे आवरायच्या वेळी, एकच्या सुमाराला, हातमोजे घालून यायची आणि एक लिंबू घ्यायची. एक! ओरेस्ते वाकून गाड्याखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गाठोडं काढायचा आणि दोन्ही हातांनी तिला द्यायचा.

"एका लिंबावर एवढी जुडी?" मी एकदा विचारलंच.

"सेलरी पानांनीच फुगते, आर्जिआबाई."

"मग माझ्या सेलरीला पानं का नसतात?"

"तुम्ही अशा बघता ना, गळून जातात बिचारी."

शेजारची चीजवाली इओले खुदकन हसली. मला तिच्या हसण्याचाही संशय आला. ओरेस्तेची बायको गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नव्हती. देल्फिना पन्नाशीतही बांधेसूद होती. मी दोन आणि दोन मांडले आणि पाच करून मोकळी झाले. वर गल्लीत दोघीतिघींना सांगितलंसुद्धा.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम उशिरा गेले, बीटाचा पाला घेतला आणि कारंज्याच्या कठड्यावर जाऊन बसले.

"ये गं देल्फिना, बस घडीभर."

"उशीर होतोय मला."

"कुणासाठी?"

ती बसली. शेजारी गाठोडं ठेवून कोटाचं बटण लावू लागली. माझा पालाही तसल्याच कागदात होता. मी उठले, तिचं गाठोडं उचललं, माझं तिथंच ठेवलं आणि निघाले. चुकून नव्हे.

घरी टेबलावर कागद सोडला. वर सेलरीची पानं. खाली चार बटाटे, पुरचुंडीत घेवड्याचे दाणे, गवतात ठेवलेली दोन अंडी आणि चीजची जाड कड. अंडी ओरेस्ते विकत नसे. चीज तर इओलेचंच होतं.

चौकात तयार कपड्यांचं दुकान उघडल्यापासून देल्फिनाच्या यंत्राचा आवाज मी ऐकला नव्हता. कुणाच्या घरी काय शिजतंय हे मला वासावरून कळायचं; तिच्या दारातून वासच येत नव्हता, हे मात्र कळलं नव्हतं.

होतं तसं बांधून मी तिच्याकडे निघाले. माझं दार उघडलं तर बाहेरच्या कडीला माझा पाला अडकवलेला. दोऱ्याची गाठसुद्धा सोडलेली नव्हती. मी तिचं गाठोडं तिच्या कडीला अडकवलं, दार वाजवलं आणि पळाले.

त्यानंतरच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ओरेस्तेचं गाठोडं गाड्याखालीच राहिलं.

"काय केलंत तुम्ही?" त्यानं विचारलं. इओले आता हसत नव्हती.

घरी जाऊन माफी मागावी, तर ती दार लावून घेणार. आणि काय म्हणणार होते मी? तुझं पोट कशावर चालतं ते मी उघडून बघितलं, असं?

तिसऱ्या गुरुवारी एक वाजता मी हातमोजे घालून गाड्यासमोर उभी राहिले.

"एक लिंबू."

"बरं. आणखी?"

"एकच म्हटलं ना! आणि जुडी दे. जाड."

ओरेस्तेनं माझ्याकडे निरखून बघितलं. "हे काय नवीन?"

"नवीन नाही. आजपासून आम्ही म्हाताऱ्या असंच घेणार. लिंबू एक, जुडी अशी."

"गाडा विकायला लावाल मला!" तो ओरडला. पण वाकला.

मी गाठोडं छातीशी धरून सगळ्या चौकातून मिरवत देल्फिनाच्या खिडकीखाली आले.

"देल्फिना! ओरेस्तेला वेड लागलंय. एका लिंबावर बघ काय दिलंय! तो शुद्धीवर यायच्या आत जा."

खिडकी अर्धीच उघडली.

"तू कधीपासून एक लिंबू घ्यायला लागलीस?"

"आजपासून. एकटीला लागतं किती?"

तिनं माझ्याकडे बघितलं. सगळा हिवाळा मी तिच्याकडे बघत होते ना, अगदी तसंच. माझ्या हातमोज्यांवर तिची नजर थांबली. मग खिडकी लागली.

गाठोडं जड होतं. तरी मी तिथंच उभी राहिले. बऱ्याच वेळानं जिन्यावर तिच्या टाचा वाजल्या.

"हातमोजे उलटे घातलेस," ती माझ्याजवळून जाताना म्हणाली आणि बाजाराकडे वळली.