वासंतीबाईंचे मौनमंदिर

“शी, इथे साधं शिंकायचीही चोरी!” केतकी मैत्रिणीच्या कानाशी पुटपुटली आणि नाकाला रुमाल लावून निमूट बसली. मृण्मयीची पापणीही हलली नाही.

बाहेर मार्गशीर्षातली केशरकांती सकाळ डोंगरउतारावरून हलकेच उतरत होती. धुक्याचा धवल शेला तळ्यावर विरत होता. आणि त्या श्रीमंत विद्यापीठाच्या माथ्यावर शुभ्र, शीतल, स्फटिकशांत उभे होते वासंती ध्यानमंदिर. आत शब्द वर्ज्य. मृण्मयीच्या वडिलांनी, विश्वासरावांनी, पत्नीच्या स्मृतीसाठी ते बांधले होते. आज तिची पुण्यतिथी.

इथे मुले येत. त्यांच्याकडे गाड्या होत्या, घड्याळे होती, परदेशातल्या सुट्ट्या होत्या. झोप तेवढी नव्हती. कुणाचे आईबाप दोन खंडांत दोन घरे करून राहिलेले, कुणी आपण नक्की कुणाला हवे आहोत या शोधात शिणलेले. डोळे मिटत, ओलावत, हलके होत. जाताना म्हणत, “मृण्मयी, तुझ्या आईची पुण्याई बघ!”

सगळ्यांना सावली मिळाली. लेक तेवढी उन्हात राहिली.

कारण वासंतीबाईंना शांतता सोसतच नसे. पहाटेपासून रेडिओ, फोडणीशी गप्पा, तुळशीशी तक्रारी, दारात आलेल्या मांजरीची सविस्तर चौकशी. घर कसे बोलघेवडे, किणकिणते, जास्वंदी रंगाचे! मग दुखणे आले. लेक शिकायला परदेशी, पती सभांमागून सभांत. निळसर पडद्यांच्या खोलीत, निळसर संध्याकाळी, ती बोलकी बाई नर्सच्या हाती विझली. नर्सने दोघांनाही सांगितले होते : बाई शेवटपर्यंत दाराकडे बघत हाका मारत होत्या.

त्यानंतर बापलेकीत त्यावर अक्षर नाही. रडण्याच्या जागी मंदिराचे नकाशे आले, नकाशांच्या जागी संगमरवर. केवढी सोय! जिथे बोलायचेच नाही, तिथे दोघे शेजारी शेजारी बसू लागली.

आज समईच्या ज्योती स्थिर होत्या. विश्वासरावांचे मिटलेले डोळे, जोडलेले हात. ते मृण्मयीने पाहिले. आणि ती त्यांच्याकडे वळून मोठ्याने बोलली.

“बाबा, आईला इथे घटकाभरही करमलं नसतं.”

घुमटाने ते वाक्य उचलले. माना वळल्या. विश्वासरावांनी सवयीने ओठांवर बोट ठेवले. तिने ते हलकेच खाली घेतले, मुठीत धरले.

“तिनं हाका मारल्या, बाबा. आणि आपण दोघंही नव्हतो.”